नेढ्याचा सातबारा

चैत्रोत्सवात नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली, म्हणजे देवी निम्मी पावलीच. मला ती मिळाली होती. पण शेजारच्या आजींना बाहेर सारखे काही ना काही दाखवायचे असल्यामुळे घाटभर त्यांचा कोपर माझ्या बरगडीत होता. आजी चाळीसगावकडच्या. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून यंदा पायी यायला जमले नाही, ही खंत त्यांनी तिकीट काढायच्या आधीच सांगून टाकली होती. एका वळणावर त्यांनी बोट केले. "दख भाऊ, ते भोक." समोरच्या डोंगराच्या माथ्याखाली कातळाच्या भिंतीतून आरपार आकाश दिसत होते. देवीने महिषासुरावर त्रिशूळ फेकला आणि तो डोंगर भेदून पलीकडे गेला, असे आजींचे म्हणणे. पुढच्या बाकावरचा एक माणूस, अभोण्याचा असावा, मान वळवून म्हणाला, "त्रिशूळ नाही हो आजी. रेडा होता तो, पळताना धडक मारून पार झाला." आजींनी क्षणभर विचार केला. "तसंही असेल," म्हणाल्या. वळण संपले, भोक दिसेनासे झाले आणि बोलणे नारळाच्या भावावर गेले.

तो डोंगर म्हणजे मोहनदरचा किल्ला आणि ते भोक म्हणजे त्याचे नेढे. नेढे हा शब्द सुईचा. ज्यातून दोरा ओवायचा ते नेढे. डोंगराला पडलेल्या आरपार भगदाडालाही आपण तेच म्हणतो. एवढ्या अजस्र गोष्टीला शिवणाच्या डब्यातले नाव देणारी भाषा मला आपली वाटते. नाशिक जिल्ह्यात अशी नेढी आणखी आहेत, कण्हेरगडाला आहे, पिंपळ्याला तर भलेमोठे आहे. पण देवीच्या नजरेच्या टप्प्यात येणारे म्हणून मोहनदरच्या नेढ्याला जी गोष्ट मिळाली, तिचा मान वेगळा.

त्या एसटीतले अर्धे मिनिट माझ्या डोक्यातून जात नाही. दोन माणसांनी एकाच दगडाच्या दोन गोष्टी सांगितल्या, एका गोष्टीने दुसरीला खोटे पाडले नाही आणि कोणाच्याही श्रद्धेला तडा गेला नाही. असल्या गोष्टींचे करायचे काय, हा प्रश्न आता सार्वजनिक झाला आहे. पर्यटनाच्या आराखड्यात त्या येतात, रस्त्याच्या प्रस्तावात येतात, सिंहस्थाच्या निधीत येतात. त्यांच्यावरून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, ही भाकडकथा पुसा आणि शास्त्र लिहा. दुसरा म्हणतो, हाच खरा इतिहास, दगडी कमान उभारा. मला हे दोन्ही तट सारखेच उतावळे वाटतात. पण त्यांतला दुसरा जास्त धोकादायक आहे, कारण त्याच्यामागे जेसीबी येतो.

आधी शास्त्राचे बोलू, कारण ते गोष्टीपेक्षा कमी रंजक नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन फाटून लाव्हारस वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर चढून दख्खनचे पठार झाले. हे थर एकसारखे नाहीत. एक थर घट्ट, पोलादासारखा, त्याच्याखालचा सच्छिद्र, भुसभुशीत. दोन वाहण्यांमध्ये काळाची मोठी फट पडली असेल तर मधे तांबड्या मातीची पट्टी. शिवाय जमिनीतल्या भेगांमध्ये लाव्हा उभाच गोठला, त्या भिंतींना भूशास्त्रात डाइक म्हणतात. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि भिंत तेवढी उभी राहिली. धोडपच्या माथ्यावर जी लांबच लांब सरळ कातळभिंत आणि तिच्यातली चौकोनी खाच दिसते, ती याच कुळातली. १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी राघोबादादांना ज्या धोडपला गाठले, तोच हा. नेढ्याचेही तसेच. डोंगराची धार अरुंद झाली, मधला मऊ थर दोन्ही बाजूंनी ऊन, वारा आणि पावसाने खाल्ला, भेगांतून पाणी शिरून चिरे सुटले आणि एक दिवस दोन्हीकडची कपार एकमेकींना भेटली.

इथे गोष्ट आणि शास्त्र यांच्यात एक फरक आहे. गोष्टीत ते भोक एका क्षणात पडले, विषय संपला. शास्त्रात ते अजून पडतेच आहे. नेढे म्हणजे कोसळायच्या वाटेवर असलेली भिंत. आज ज्याच्या छताखाली आपण बसतो, ते छत कधीतरी खाली येणार. पायथ्याला सुरुंग लागले, वर शेकड्यांनी माणसे चढली, लोखंडी रेलिंगसाठी ड्रिल मारले, तर लवकर येणार. म्हणून मला पाटीवर शास्त्र हवे आहे. आजींची श्रद्धा दुरुस्त करायला नको, ठेकेदाराला घाबरवायला हवे.

मी त्या नेढ्यात एकदा जाऊन बसलो आहे. शेवटचा टप्पा निव्वळ घसाऱ्याचा, एक पाऊल पुढे आणि अर्धे मागे. आत पोहोचलो तेव्हा पहिल्यांदा जाणवला तो आवाज. वारा तिथे वाहत नाही, ओतला जातो. बोललेले शेजारच्याला ऐकू येत नाही. सप्तशृंगीचा कडा समोर आणि मार्कंड्या त्याला लागून. गडावरच्या देवीची मान किंचित कललेली आहे, कारण मार्कंडेय ऋषी समोरच्या डोंगरावरून जे स्तवन म्हणतात ते ती ऐकते, अशी समजूत आहे. २०२२ मध्ये मूर्तीवरचा शेंदराचा जुना थर काढून तिचे मूळ रूप दिसले, तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी पहिल्यांदा चौकशी केली ती या मानेचीच. नेढ्यात बसल्यावर कळते, की या गोष्टी एकेकट्या नाहीत. तो एक नकाशा आहे. इथे ऋषी, तिथे देवी, इथून राक्षस पळाला. ज्याने कधी नकाशा पाहिला नाही त्यालाही दिशा कळाव्यात असा. त्याच नेढ्याच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने दोन नावे आणि मधे बाणाने भेदलेले बदाम काढलेले होते. महिषासुराने भोक पाडले असेल, पण निदान नाव लिहिले नाही.

गोष्ट ही एक प्रकारची मालकी असते, असे मला वाटते. सातबाऱ्यावर नाव असलेली मालकी वेगळी, ही सांगण्याची मालकी. डोंगर वनखात्याचा, पायथा कोणा गुंतवणूकदाराचा, पण "हे भोक देवीने पाडले" असे म्हणणाऱ्याचा त्या डोंगरावर एक हक्क तयार होतो आणि हक्काबरोबर काही बंधनेही येतात. इथे चपला काढायच्या, तिथली झाडे तोडायची नाहीत, हे पाणी उष्टे करायचे नाही. जुन्या गोष्टी माणसाकडून काहीतरी मागतात. बहुतेक वेळा चालणे मागतात.

त्र्यंबकेश्वरचे पाहा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, लाखो पाय त्या वाटेने जातात. गौतम ऋषींच्या हातून गाय मेली, पाप फेडायला गंगा हवी होती, शंकराने ब्रह्मगिरीवर जटा आपटल्या आणि नदी बाहेर आली. जटा आपटल्याच्या, गुडघे टेकल्याच्या खुणा आजही वर खडकात दाखवतात. पण मला या कथेचा पुढचा भाग जास्त आवडतो. नदी आली खरी, पण ती थांबेना. एका ठिकाणी दिसायची, गुप्त व्हायची, दुसरीकडे निघायची. शेवटी गौतमांनी कुशाचे गवत भोवती फिरवून तिला अडवले, ते कुशावर्त. डोंगरावर उगम, मधे गंगाद्वार, खाली कुशावर्त. आता हेच भूजलाच्या माणसाला विचारा. तो सांगेल, की पावसाचे पाणी बेसाल्टच्या भेगांतून खाली मुरते, न झिरपणाऱ्या थराला अडते, आडवे सरकते आणि जिथे तो थर उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येते. म्हणजे दिसते, गुप्त होते, दुसरीकडे निघते.

इथे एका मोहापासून सावध राहायला हवे. "बघा, आपल्या पूर्वजांना सगळे माहीत होते!" असे म्हणायचा. मला तसे अजिबात म्हणायचे नाही. त्यांना बेसाल्ट माहीत नव्हता, भूजल माहीत नव्हते. पण त्यांनी त्या एका डोंगराकडे शेकडो वर्षे पाहिले होते, प्रत्येक उन्हाळ्यात, प्रत्येक पावसाळ्यात. इतके पाहिल्यावर नदीचा स्वभाव गोष्टीत उतरतोच. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीचा पायथा पोखरला जात असल्याच्या बातम्या आल्या आणि नाशिकमध्ये लोक रस्त्यावर उतरले. त्यात पर्यावरणवाले होते तसेच गोदावरीला आई म्हणणारेही होते. त्या दिवसांत मी एकाही माणसाला "आधी कथा खरी का, ते ठरवू" असे म्हणताना ऐकले नाही. भेगा तोडल्या तर झरे मरतात, हे शास्त्र. आईच्या पदराला हात घालू नका, ही गोष्ट. मागणी एकच होती.

मग बिघडते कुठे? गोष्टीला दाखला मागितला की बिघडते.

अंजनेरी त्र्यंबकच्या वाटेवरच आहे. अंजनीमातेचे देऊळ वर आहे आणि पठारावर पावलाच्या आकाराचे तळे आहे. बाळ हनुमंताने सूर्य गिळायला उडी घेतली, तेव्हा पाय रोवला तो हा. पाचवीतल्या सहलीत मी ते पहिल्यांदा वरून पाहिले. गुरुजींनी विचारले, "डावा पाय की उजवा?" आणि आमच्यात भांडण लागले, ते डबे उघडेपर्यंत चालले. तेवढेच भांडण पुरेसे होते. पुढे मोठ्यांनी भांडायला घेतले. २०२१ मध्ये तिरुमला देवस्थानाकडून जाहीर झाले, की हनुमानाचा जन्म तिथल्या अंजनाद्रीवरचा. कर्नाटकात हंपीजवळच्या अंजनाद्रीचा दावा आधीपासूनचा, झारखंडात गुमल्याजवळच्या आंजन गावाचाही. २०२२ च्या मे महिन्यात हा वाद नाशिकला आला, शास्त्रार्थासाठी सभा भरली आणि जन्मस्थळाच्या आधी आसनावरूनच जुंपली. कोण वर बसणार, कोण खाली. टीव्हीवर ते पाहताना मला पाचवीतले डबे आठवले.

यात हसण्यासारखे खूप आहे, पण हानी खरी आहे. प्रत्येक प्रांताला आपला हनुमान आपल्या डोंगरावर जन्मलेला हवा असतो, ही या देशाची जुनी आणि गोड सवय. एक जन्मस्थळ "अधिकृत" झाले की बाकीची सगळी खोटी ठरतात. शिवाय अधिकृत म्हटले की सोयी आल्या. अंजनेरीवर मुळेगावकडून गाडीरस्ता न्यायचा प्रस्ताव आला, त्याला जोरदार विरोध झाला. मग रोपवेंसाठीच्या केंद्राच्या पर्वतमाला योजनेत ब्रह्मगिरी ते अंजनेरी असा पावणेसहा किलोमीटरच्या आसपासचा रोपवे निघाला. ज्या डोंगराविषयी हे चालले आहे, त्याच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. त्याच्या माथ्यावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, २००६ मध्ये शास्त्राला नव्याने कळलेली आणि डोंगराचेच नाव लाभलेली, सेरोपेजिया अंजनेरिका. म्हणूनच २०१७ मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झाले. पायथ्याच्या गावात यादवकाळातल्या देवळांचे अवशेष पडून आहेत, त्यांच्याकडे गाडी थांबवून बघणारे किती? त्यांना जन्माचा दाखला नाही ना.

मारुतीरायाने सूर्याकडे उडी घेतली. आपण त्याला भेटायला पाळण्यात बसून जाणार.

आता माझ्याच बाजूतल्या अडचणी. दंतकथा राखण करतात, असे मी म्हणालो. नेहमी करतात का? नाही. मांगी-तुंगीचे दोन सुळके हे आपल्या जिल्ह्यातले सर्वांत देखणे खडक. जैनांचे ते सिद्धक्षेत्र आणि बलरामाच्या तपाची गोष्टही तिथे सांगतात. तिथल्या कातळात १०८ फुटांची ऋषभदेवांची मूर्ती घडवली गेली, २०१६ मध्ये तिची प्रतिष्ठा झाली. ज्यांची ती श्रद्धा आहे त्यांच्या निष्ठेपुढे मी मान लववतो, मूर्ती भव्यच आहे. पण मनात येते ते येतेच. डोंगर आधीच देवाचा होता, तर त्याला आणखी काय सिद्ध करायचे होते?

दुसरी अडचण जास्त बोचरी. गोष्ट राखते तशी पुसतेही. नाशिक शहराच्या दक्षिणेची लेणी आपण पिढ्यान्‌पिढ्या पांडवलेणी म्हणतो. पांडवांचा तिथे काडीचा संबंध नाही. ती बौद्ध भिक्खूंची लेणी, सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळातली. सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री, तिचा लेख तिथेच आहे आणि त्या डोंगराचे नाव लेखांमध्ये तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, असे कोरलेले आहे. दगडावर नाव लिहिलेले असताना लोकांनी दुसरेच नाव ठेवले, कारण लिपी वाचणारे उरले नव्हते आणि गोष्ट सांगणारे होते. म्हणून गोष्ट निरागस असते असे कोणी म्हणाले, की मी त्याला त्रिरश्मीच्या पायऱ्या चढायला सांगतो.

आणि आपल्या गावाचे नाव? लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका कापली म्हणून नाशिक. तपोवनात लोक त्या शिल्पासमोर हसत फोटो काढतात. बाईचे नाक कापल्याची जागा हे गावाचे भूषण कसे, हा प्रश्न माझ्या पुतणीने आठव्या वर्षी विचारला तेव्हा घरातले सगळे मोठे एकदम चहात साखर कमी आहे का ते बघू लागले. दुसरी गोष्टही आहे की: "नाशिक नव टेकांवर वसविले." नऊ टेकड्यांचे गाव. जुनी गढी त्यांतलीच एक, दर पावसाळ्यात ढासळते आणि तिथली घरे रिकामी करा म्हणून नोटिसा निघतात. ही गोष्ट पाटीवर नसते. एका गोष्टीची पाटी लावली की दुसरी मरते, याचे आणखी जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

तिसरी अडचण पोटाची. अंजनेरीच्या किंवा मोहनदरच्या वाटेवर भेटणारा माणूस मला म्हणू शकतो, "तुम्ही शहरातले, रविवारी येता, रस्ता नको म्हणता, सोमवारी परत जाता. आमची बाळंतीण डोलीतून न्यावी लागते त्याचे काय?" याला उत्तर नाही, म्हणजे वाद घालण्यासारखे उत्तर नाही. पाड्यापर्यंत रस्ता झालाच पाहिजे, बारमाही, कालच व्हायला हवा होता. पण नीट पाहिले तर दिसते, की प्रस्ताव बहुतेकदा पाड्यापर्यंतचा नसतो. तो पाड्याला वळसा घालून देवळापर्यंत जातो. बाळंतिणीचे नाव घेऊन वाहनतळ मंजूर होतो. हे दोन रस्ते कागदावर वेगळे करा, पहिल्यासाठी मीही अर्जावर सही करीन.

तर करावे काय? पाटी लावायची तर लावा, पण तिच्यावर एकच गोष्ट नको. त्रिशूळही लिहा, रेडाही लिहा, कुठल्या गावात काय सांगतात तेही लिहा. शेजारी चार ओळींत हे नेढे कसे झाले आणि अजून कसे होते आहे, ते लिहा. "असे म्हणतात" हा आपल्या भाषेतला फार शहाणा शब्दप्रयोग आहे, तो सरकारी पाटीवर आला तर बिघडणार काही नाही. पाटी पायथ्याला, गावात, चहाच्या टपरीशेजारी असावी. नेढ्याच्या तोंडाशी खांब रोवायची गरज नाही. तिथे काहीच बांधू नये, रेलिंग नको, कमान नको, "आय लव्ह" लिहिलेली रंगीत अक्षरे तर नकोतच.

आणि कोणती गोष्ट लिहायची, हे ठरवायला मुंबईची समिती कशाला? कळवण, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा इथली गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार दिलेला आहे. डोंगराची गोष्ट यात बसत नसेल तर परंपरा म्हणजे काय, ते तरी सांगा. केंद्राने २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या कायद्याचा मसुदा काढला होता. त्यात खडक दिसतो, पण त्या खडकाची गोष्ट सांगणारा गावकरी शोधावा लागतो.

एक सोपी वाट आहे आणि तिला निधीही लागत नाही. जैवविविधता कायद्यामुळे ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावात कोणती झाडे, कोणते पक्षी, कोणती कंदमुळे, कोण काय औषधाला वापरते, ते तिच्यात लिहायचे. एका गावी मी ती मागून पाहिली. ग्रामसेवकांनी कपाटाची किल्ली शोधण्यात वीस मिनिटे घालवली, पण वही निघाली. वनस्पतींची यादी सुबक अक्षरात होती, बहुधा शाळेच्या बाईंनी लिहिलेली. पक्ष्यांची निम्मी. डोंगराविषयी, कड्यांविषयी, कोणत्या दगडाला काय म्हणतात याविषयी एक ओळ नव्हती. "त्याला रकाना नाही," ग्रामसेवक म्हणाले. ते खरेच होते. मी वही उलटून शेवटाकडे गेलो. मागची वीस-पंचवीस पाने कोरी होती.